राजवाड्यात बिनपगारी, तरी फुल्ल तयारी!

मार्च महिना लागला की इंग्लंड-वेल्समध्ये एक अजब भरती सुरू होते. पगार शून्य. पोस्टिंग थेट महालात. युनिफॉर्म म्हणजे छातीवर नावाचा बिल्ला आणि आतून मावतील तेवढे स्वेटर. कामाचं स्वरूप? शेकडो वर्षांच्या पलंगाशेजारी दिवसभर उभं राहायचं, त्याच्याबद्दल भरभरून बोलायचं आणि त्याला बोटही लावायचं नाही!

तरी उमेदवार मिळतात. हजारोंनी मिळतात, बॉस!

ही मंडळी म्हणजे ऐतिहासिक घरांचे व्हॉलंटिअर. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी कॉलेजकन्या, कुणी नातवंडं शाळेत गेल्यावर मोकळी झालेली आजी. हिवाळ्यात यातली बरीच घरं पूर्ण नाहीतर अर्धी बंद असतात. वसंत आला, दिवस मोठा झाला, की दारं उघडतात आणि नवा सीझन सुरू. आपल्याकडे दिवाळीआधी जी साफसफाई निघते ना, तीच इथे. फक्त खोल्या शंभर, माळ्यावर पाच पिढ्यांचं सामान आणि ‘हे भंगारात देऊ का?’ असं विचारायला सक्त मनाई.

चला, बिल्ला लावा. आजच्या दिवसापुरते तुम्हीही भरती!

घर घ्या घर, दहा पौंडांत!

माहीत आहे का, अशी जुनी घरं सांभाळणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने आपली पहिली इमारत कितीला घेतली? फक्त दहा पौंडांना! साल १८९६, गाव आल्फ्रिस्टन, वास्तू चौदाव्या शतकातलं पाद्रीबाबांचं गवताने शाकारलेलं घर. आज त्याच दहा पौंडांत संस्थेच्या टी-रूममध्ये दोघांचं चहापाणी उरकलं तरी नशीब समजा.

ट्रस्ट जन्मला त्याच्या आदल्या वर्षी. संस्थापक तीन: समाजसेविका ऑक्टेव्हिया हिल, वकील रॉबर्ट हंटर आणि पाद्री हार्डविक रॉन्स्ली. समाजसेवा, कायदा आणि देव, तिन्ही खाती पहिल्याच दिवशी भरलेली! आज या संस्थेचे सदस्य ५० लाखांहून जास्त आहेत. म्हणजे जुनी घरं बघायला वर्गणी भरणारे लोक एखाद्या छोट्या देशाएवढे.

आणि देणगी जमवणारे व्हॉलंटिअर बुरखा घालून यायचे, हे माहीत आहे का? १९३०च्या दशकात ‘फर्ग्युसन्स गँग’ नावाची तरुणींची टोळी होती. तोंडावर मुखवटे, नावं ‘बिल स्टिकर्स’, ‘रेड बिडी’ अशी मवाली. काम मात्र एकदम सज्जन: जुन्या इमारती वाचवण्यासाठी ट्रस्टला पैसे पोचवणे. कधी नाण्यांची पोतडी थेट ऑफिसात, कधी नकली अननसात दडवलेली रक्कम! सरेतली शॅलफर्डची पाणचक्की त्यांनीच वाचवली. फिल्मवाल्यांनो, स्क्रिप्ट तयार आहे. उचला.

हे घरं वाचवणं आधी सुरू कुणी केलं?

ब्रिटिश नव्हे, अमेरिकन बायकांनी! जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन हे घर मोडकळीला आलं होतं. केंद्र सरकार म्हणालं नको, व्हर्जिनिया राज्य म्हणालं नको. मग १८५३ मध्ये ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी देशभरातल्या बायकांना हाक दिली. १८५८ मध्ये त्यांच्या संघटनेने हे घर दोन लाख डॉलरला विकत घ्यायचा करार केला. तेव्हा या बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. राष्ट्रव्यापी मताधिकार मिळायला १९२० उजाडायचं होतं. घर आजही तीच संघटना चालवते.

बोनस ट्रिव्हिया: माउंट व्हर्ननच्या भिंती दगडी दिसतात, पण आहेत लाकडी. फळ्यांना खाचा पाडल्या, रंग दिला आणि ओल्या रंगावर वाळू उडवली. झाला दगड! आणि वॉशिंग्टनचे ‘लाकडी’ दात? ते मात्र लाकडी नव्हतेच. त्या कवळीत माणसांचे आणि जनावरांचे दात, हस्तिदंत आणि शिसं होतं. थोडक्यात, घर लाकडी आणि दात खरे. लोकांनी नेमकं उलटं लक्षात ठेवलं.

झोपलेल्या घराला उठवताना

सीझन उघडतो एका दिवसात. तयारी चालते हिवाळाभर. शरद ऋतूत दारं बंद झाली की फर्निचरवर खोळी चढतात, गालिचे गुंडाळले जातात, खिडक्यांच्या झडपा लागतात. मग एकेक वस्तू तपासायची, झटकायची, पुन्हा झाकायची. आणि झटकायची म्हणजे फडकं घेऊन सपासप नाही हं!

माहीत आहे का, इथे ब्रशलाही जात असते? सोनेरी मुलाम्याच्या नाजूक चौकटीला तट्टूच्या केसांचा मऊ ब्रश, दणकट लाकडाला डुकराच्या केसांचा राठ. ब्रशच्या धातूच्या पट्टीला टेप गुंडाळतात, म्हणजे चुकून ओरखडा जायला नको. एका हाताने धूळ अलगद उडवायची, दुसऱ्या हातातल्या व्हॅक्युमने ती हवेतच पकडायची. आणि व्हॅक्युमच्या तोंडाला जाळी! का? तीनशे वर्षांपूर्वीच्या खुर्चीचा सुटलेला टवका पोटात गेला, तर तो शोधायला मशीनचं पोस्टमॉर्टेम करावं लागेल.

यावर जाडजूड ग्रंथही आहे. ट्रस्टचं ‘मॅन्युअल ऑफ हाउसकीपिंग’ पहिल्यांदा १९८४ मध्ये आलं. घर झाडण्यावर एवढं मोठं पुस्तक बघून आपल्याकडच्या काकू म्हणतील, यात लिहायचं काय एवढं? काकू, बरंच आहे.

उदाहरणार्थ, चांदी. तुम्ही ती चकचकीत घासता ना? इथे घासायला बंदी नसली तरी हात आखडता असतो. कारण प्रत्येक पॉलिशमध्ये चांदीचा एक बारीकसा थर निघून जातो. शंभर वर्षं रोज लख्ख घासलं तर नक्षी गायब. चमकणारी प्रत्येक गोष्ट टिकतेच असं नाही!

खुर्ची उचलायची तर हात धरून नाही आणि पाठ धरून तर नाहीच. बैठकीखालच्या पट्टीला धरून. कपाटातलं पुस्तक काढताना वरून बोटाने ओढलंत तर सीनिअर व्हॉलंटिअर डोळे वटारणार. शेजारची दोन पुस्तकं जराशी आत ढकला, मधल्याला कमरेला धरा, मग बाहेर काढा.

आणि ते पांढरे हातमोजे? जुनी पुस्तकं हाताळताना सिनेमात हिरो नेहमी घालतो ते? बहुतेक ठिकाणी पुस्तकांसाठी ते आता आऊट. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात बरे. मोज्यात बोटांना पान जाणवत नाही आणि टर्रकन फाटतं. सिनेमावाल्यांना कुणीतरी कळवा.

घड्याळांचा किस्सा तर अफलातून. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे जातात. ऑक्टोबरात पुन्हा तासभर मागे. पण ठोके देणारं जुनं घड्याळ मागे फिरवलं तर आतल्या यंत्रणेचं नुकसान होऊ शकतं. मग उपाय? लंबक धरून घड्याळ तासभर बंद ठेवायचं. काळच आपल्यापर्यंत येऊन पोचतो. तोवर चहा घ्या.

नो कसर, प्लीज!

आता खलनायकांची एंट्री. कपडे खाणारी कसर. माहीत आहे का, उडणारा पतंग कपडा खातच नाही? त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. सगळा फडशा पाडतात त्याच्या अळ्या. लोकर, फर, पिसं, जे मिळेल ते स्वाहा. सतराव्या शतकातली टॅपेस्ट्री म्हणजे त्यांच्यासाठी बुफे.

आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. नॉरफोकच्या ब्लिकलिंग हॉलने २०२१ मध्ये काय केलं असेल? गांधीलमाश्या सोडल्या! घाबरू नका, या जातीची माशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ती माणसाला चावत नाही. कसरीची अंडी शोधते आणि त्यातच स्वतःची अंडी घालते. कसर जन्माला यायच्या आधीच गेम ओव्हर. माशीवर माशी करणारे पाहिले होते, कसरीवर माशी सोडणारे हेच पहिले.

ज्या कापडावर शंका असेल ते पॅक करून उणे ३० अंशांत तीन दिवस. सजा-ए-फ्रीझर. खोल्यांच्या कोपऱ्यांत चिकट सापळे असतात आणि कोण किती अडकलं याची मोजदाद व्हॉलंटिअर करतात. महालात मेलेले किडे मोजण्याची ड्युटी. आहे ना रॉयल?

लाकूड पोखरणारा एक भुंगा तर डोकं आपटून सिग्नल देतो. टक टक टक! जोडीदाराला बोलावण्यासाठी. पूर्वी मरणासन्न माणसाच्या उशाशी रात्र जागवणाऱ्यांना शांततेत हा आवाज ऐकू यायचा, म्हणून त्याचं नाव पडलं ‘डेथवॉच बीटल’. बिचारा रोमान्स करतोय आणि लोक त्याला यमदूत समजतात!

याच ब्लिकलिंगला भूतही आहे बरं का. आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलीन बहुधा इथल्याच आधीच्या घरात जन्मली. १९ मे १५३६ रोजी तिचा शिरच्छेद झाला. दरवर्षी त्या तारखेच्या रात्री ती मुंडकं मांडीवर घेऊन बग्गीतून घरी येते, अशी दंतकथा. बग्गीवानालाही डोकं नसतं म्हणे. सीझनमध्ये येते, तिकीट काढत नाही, एवढीच काय ती तक्रार.

उजेडाचंही बजेट असतं

पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याचा ठरलेला प्रश्न: ‘एवढा अंधार का?’ उत्तर ऐका. बाहेर रणरणत्या दुपारी एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो. रेशमी पडद्याला किंवा जलरंगातल्या चित्राला झेपतो ५० लक्स! रंग एकदा उडाला की उडाला, पडद्याला सुट्टी दिली म्हणून परत येत नाही. म्हणून वर्षभरात किती उजेड ‘खर्च’ करायचा याचा हिशोब ठेवतात. हिवाळ्यात झडपा बंद ठेवल्या की शिल्लक वाढते. घराची झोप म्हणजे उजेडाची फिक्स डिपॉझिट.

ही आयडिया नवी नाही. १७७६ मध्ये केंटमधल्या सुझॅना व्हॉटमन या गृहिणीने नोकरांसाठी सूचनांची वही लिहिली. कुठल्या खोलीत ऊन कधी येतं, कुठले पडदे केव्हा ओढायचे, सगळं तपशीलवार. व्हॉटमन हे आडनाव ओळखीचं वाटतंय? बारावीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये नरसाळ्यात घडी घालून बसवलेला तो गोल फिल्टर पेपर आठवा. व्हॉटमन! सुझॅनाबाईंचे यजमान जेम्स व्हॉटमन हे नामांकित कागदवाले, आणि फिल्टर पेपरचा ब्रँड त्यांच्याच घराण्याच्या नावाचा. यजमानांचा कागद गाळतो साका, बाईंचा पडदा गाळतो ऊन. काय जोडी!

आणि थंडी? घरात हीटर असतो, पण तुमच्यासाठी नाही, खुर्च्यांसाठी. बऱ्याच घरांत हीटिंग तापमानावर चालत नाही, हवेतल्या दमटपणावर चालतं. दमटपणा साधारण ५० ते ६५ टक्क्यांत ठेवायचा, म्हणजे लाकूड तडकत नाही आणि बुरशीही धरत नाही. हवा कोरडी असली की तुम्ही कुडकुडत असलात तरी हीटर ढिम्म. म्हणून तर एवढे स्वेटर! मुंबईच्या जुलैत हीच सिस्टीम लावली तर बिचारी राजीनामा देईल.

बसू नका म्हणायची सभ्य पद्धत

उघडण्याच्या दिवशी खोळी निघतात आणि मग येतं सगळ्यात भारी शस्त्र: काटे. पुरातन खुर्चीवर ‘बसू नये’ अशी पाटी लावली तर खोलीचा लुक बिघडतो. म्हणून बैठकीवर ठेवतात पाइनचं शंकू-फळ, नाहीतर टीझल या रानफुलाचं वाळकं काटेरी बोंड. दिसायला डेकोरेशन, काम वॉचमनचं. ज्याला पाटी वाचता येत नाही त्यालाही हे लगेच समजतं. पुणेरी पाट्यांना पहिल्यांदाच तुल्यबळ स्पर्धक सापडलाय!

उंच टोकदार टाचांची चप्पल घालून आलात? बऱ्याच घरांत मऊ सपाता देतात. सगळं वजन पैशाएवढ्या टोकावर आलं की ओकच्या जमिनीला कायमचा खड्डा. पेन? खिशात ठेवा. लिहायचं तर पेन्सिलने. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, कारण मागे फिरताना चिनी मातीचं भांडं आपल्याला दिसत नसतं.

आणि प्रश्नांचा राजा कोणता? ‘या झुंबराला किती स्फटिक?’ छे! ‘टॉयलेट कुठे आहे?’ नव्या व्हॉलंटिअरने घराणं, वंशावळ, वास्तुशास्त्र सगळं पाठ केलं तरी आधी हे उत्तर तोंडावर हवं.

नोकरांची चित्रं फ्रेममध्ये

काही घरं मात्र प्रश्नांना पुरून उरतात. वेल्समधलं एर्डिग घ्या. इथल्या यॉर्क घराण्याने पूर्वजांबरोबर नोकरांचीही चित्रं काढून घेतली, तीही अठराव्या शतकात! सुतार, मोलकरीण, शिकारी, सगळे फ्रेममध्ये आणि सोबत मालकाने रचलेल्या कविता. आज पाहुण्यांना आत घेतात तेही पुढच्या भव्य दारातून नाही, नोकरांच्या बाजूने. मला विचाराल तर कुठलंही मोठं घर असंच दाखवावं. आधी स्वयंपाकघर, मग सिंहासन.

याच घराखाली कोळशाची खाण होती. खोदता खोदता घर जवळपास पाच फूट खचलं! शेवटचे मालक फिलिप यॉर्क यांनी १९७३ मध्ये ते ट्रस्टला दिलं. ते संगीतप्रेमी होते आणि करवत वाजवायचे. हो, सुताराची करवत. सूर लागायचा म्हणे.

डर्बीशरच्या कॅल्क ॲबीची तऱ्हाच वेगळी. मालक व्हॉन्सी हार्पर-क्रू यांनी इस्टेटीत मोटारींना बंदी घातली होती. घरात वीज आली १९६२ मध्ये. वस्तू टाकायची सवयच नाही. ट्रस्टने १९८५ मध्ये ताबा घेतला तेव्हा खोक्यांत सापडला अठराव्या शतकातला शाही पलंग, चिनी रेशमी पडद्यांसकट. कधी उभारलाच नव्हता! अडीचशे वर्षं पॅकिंगमध्ये, म्हणून रंग एकदम कडक. उजेडाचं बजेट आठवतंय ना? या पलंगाने एक पैसाही खर्च केला नव्हता. ट्रस्टने मग घर सजवलंच नाही. पसारा होता तसा ठेवला, सोलवटलेल्या वॉलपेपरसकट. ‘खोली आवर’ म्हणून ओरडणाऱ्या आयांना हे घर दाखवू नका.

फळ्यांखाली काय दडलंय?

आता खास व्हॉलंटिअरांची कॉलर ताठ करणारा क्षण. केंटमधल्या नोल या अवाढव्य घरात माळ्याच्या फळ्यांखाली एका व्हॉलंटिअरला जुनी चिठ्ठी सापडली. तारीख: ऑक्टोबर १६३३. शिवाजी महाराजांचा जन्म होऊन जेमतेम साडेतीन-पावणेचार वर्षं झाली होती, तेव्हाची! मजकूर? खजिन्याचा नकाशा? प्रेमपत्र? नाही हो. सामानाची यादी! थोडे मासे पाठवा, कथील मिश्रधातूचे दोन डझन चमचे पाठवा, मुलांच्या खोलीसाठी मोठं फावडं पाठवा, नवीन तवा पाठवा आणि हो, बाकी वस्तूंचे भावही कळवा. चारशे वर्षं झाली तरी घरचा कारभार तसाच. व्हॉट्सॲप तेवढं नवीन.

याच घरात २०१४ मध्ये शेकोटीजवळच्या लाकडावर कोरलेल्या जादुई खुणा सापडल्या. झाडाच्या वलयांवरून काळ निघाला १६०६ च्या सुमाराचा. म्हणजे ब्रिटिश संसद उडवण्याचा ‘गनपावडर कट’ नुकताच फसला होता आणि राजा जेम्स येणार म्हणून सुतारांनी गुपचूप दृष्ट काढून ठेवली. लिंबू-मिरची टांगायची राहिली एवढंच.

नॉरफोकच्या ऑक्सबर्ग हॉलमध्ये २०२० च्या लॉकडाउनमध्ये छताची दुरुस्ती चालली होती. फळ्या उघडल्या तर उंदरांची जुनी घरटी! आणि घरट्यांत रेशीम, मखमल, लोकर अशा कापडांचे २०० हून अधिक तुकडे, काही थेट ट्यूडर काळातले. ज्यांना पकडायला आज सापळे लावतात, त्यांनीच तेव्हा कपड्यांचा संग्रह केला. जगातले पहिले बिनपगारी क्युरेटर! याच घरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला चॉकलेटचा रिकामा डबाही मिळाला. कुणीतरी सगळी चॉकलेटं एकट्याने संपवली आणि पुरावा फळीखाली सारला. उंदरांना फुकटचा दोष नको.

आपलं काही आहे का तिथे?

आहे ना, भरपूर! डर्बीशरचं केडल्स्टन हॉल हे व्हॉइसरॉय कर्झनचं घर. कोलकात्याचं राज्यपाल-निवासस्थान याच घराच्या नकाशावरून बेतलंय. म्हणजे कर्झनसाहेब हजारो मैल आले आणि राहिले घरच्याच कॉपीत! इथलं स्टार आकर्षण लेडी कर्झनचा मोरपिशी गाउन. १९०३ च्या दिल्ली दरबारात तो मिरवला. जरदोजी काम भारतीय कारागिरांचं, शिलाई पॅरिसच्या वर्थ या फॅशन हाउसची, वजन साडेचार किलोंच्या वर. आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात चमकतो तो हिरवा खडा? खडा नव्हे, भुंग्याचे पंख! म्युझियममध्ये किड्याला मानाची जागा मिळालेलं हे एकमेव खातं असावं.

वेल्सच्या पॉविस कॅसलमध्ये टिपू सुलतानचा सुंदर नक्षीदार तंबू आहे. क्लाइव्ह घराण्याने तो नेला आणि बागेतल्या पार्ट्यांसाठी ताणला. अशा वस्तूंसमोर भारतीय पाहुणा थबकतो आणि विचारतो, ‘हे इथे आलं कसं?’ या प्रश्नावर पूर्वी घसा खाकरला जायचा. २०२० मध्ये ट्रस्टने स्वतःच अहवाल काढला आणि आपल्या ९३ ठिकाणांचे वसाहतवाद आणि गुलामगिरीशी असलेले धागे मांडले. वादळ उठलं ते उठलंच. पण बिल्ला लावून उभ्या माणसाला सरळ उत्तर देता यावं, हे चांगलंच झालं. लुटीला ‘संग्रह’ म्हणून किती दिवस भागणार?

जरा मूड बदलू. ससेक्सचं बेटमन्स हे रुडयार्ड किपलिंगचं घर. साहेबांचा जन्म आपल्या मुंबईतल्या जे. जे. स्कूलच्या आवारात, १८६५ चा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची कोरीव चित्रं त्यांच्या वडिलांनी बेतलेली. नोबेलच्या पैशांतून किपलिंगनी बागेत तळं केलं. आणि त्यांच्या पाहुण्यांच्या नोंदवहीत काही नावांपुढे तीन अक्षरं आहेत: ‘एफ. आय. पी.’ म्हणजे ‘फेल इन पाँड’. तळ्यात पडले! साहित्यिक पाहुणचाराची याहून प्रामाणिक नोंद दाखवा.

लिंकनशरच्या वुल्सथॉर्पला न्यूटनचं घर. प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं आणि पठ्ठ्या इथे वर्क फ्रॉम होम करत बसला. ते सुप्रसिद्ध सफरचंदाचं झाड १८२० च्या वादळात कोसळलं, पण पुन्हा मूळ धरून उभं राहिलं. या झाडाचा एक तुकडा २०१० मध्ये चक्क अंतराळात जाऊन आला. गुरुत्वाकर्षणाच्या झाडाला गुरुत्वाकर्षणातून सुट्टी! पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेतही या झाडाच्या वंशातली सफरचंदाची झाडं लावली होती. आणि गंमत म्हणजे २०१७ मध्ये या घराच्या भिंतीवर पवनचक्कीचं कोरलेलं चित्र सापडलं, बहुधा छोट्या आयझॅकचं. ‘भिंतीवर रेघोट्या मारू नका’ हे तिथल्या व्हॉलंटिअरांनी मुलांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

लंडनमध्ये तर आपलं स्वतःचं घर आहे. १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि स्मारक केलं. लंडनला गेलात तर राजवाड्यांच्या यादीत हेही टाका.

परमनंट पोस्ट फक्त एकाला

सगळे व्हॉलंटिअर सीझनल, पण चर्चिलच्या चार्टवेल घरात एक पद परंपरेने भरतात. अट: रंग तांबूस, छातीवर पांढरा पट्टा, चारही पायांत पांढरे मोजे आणि नाव ‘जॉक’. होय, मांजर! चर्चिलना ८८ व्या वाढदिवसाला भेट मिळालेल्या बोक्याचं नाव जॉक. घरात असाच एक बोका कायम असावा ही कुटुंबाची इच्छा. २०२० मध्ये जॉक सातवे रुजू झाले. इंग्लंडच्या राजांनाही सातपर्यंत पोचायला फार कमी नावांत जमलंय.

माणसांना काय मिळतं मग? ठराविक तास भरले की इतर घरांत फुकट प्रवेश. आणि अर्थातच स्कोन. जाम आणि घट्ट साय लावलेला तो मऊ पाव ही ट्रस्टच्या टी-रूमची शान. एका स्कोनप्रेमी बाईंनी ट्रस्टच्या २४४ ठिकाणी जाऊन प्रत्येक ठिकाणचा स्कोन खाल्ला. दहा वर्षं लागली, २०२३ मध्ये मोहीम फत्ते!

पण सावधान. कॉर्नवॉलमध्ये आधी जाम, वर साय. शेजारच्या डेव्हनमध्ये आधी साय, वर जाम. हा वाद आपल्या मिसळीच्या वादांना घरी बसवेल. २०१८ च्या मार्चमध्ये, ऐन सीझनच्या तोंडावर, कॉर्नवॉलच्या लॅनहायड्रॉक या घराने मदर्स डेच्या जाहिरातीत साय खाली आणि जाम वर असा फोटो टाकला. कॉर्नवॉल पेटलं! सदस्यत्व रद्द करण्याच्या धमक्या आल्या आणि शेवटी त्या ऐतिहासिक घराला जाहीर माफी मागावी लागली.

तेव्हा लॅनहायड्रॉकला बिल्ला लावायचा विचार असेल, तर वंशावळ नंतर पाठ करा. आधी जाम.